आत एक बोट, बाहेर दोन

सासूबाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत, चाकाकडे बघत. मोशीच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडपुढे गाडी थांबली की त्या स्टुलावरून उठायच्या, पदर कमरेला खोचायच्या, पुढच्या चाकाशी उकिडव्या बसायच्या आणि हात सरळ मडगार्डच्या आत घालायच्या. टायर आणि आतला शॉकअप यांच्यात किती फट आहे, टायर आणि मडगार्डची कड यांच्यात किती, हे त्या बोटांनी मोजायच्या. मोजून झालं की मान वर करून मालकाचं तोंड बघायच्या, आणि मग त्या तोंडाबद्दल मनात येईल ते चारचौघांत बोलून मोकळ्या व्हायच्या.

त्या कुणाच्याच सासूबाई नव्हत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. गाड्यांच्या नादी लागलेल्या आम्हा लोकांनी हे नाव पाडलं होतं आणि ते त्यांच्या पाठीमागेच वापरायचो. तोंडावर सगळे ‘मावशी’ म्हणत. चाकणजवळच्या एका गावातलं शेतकऱ्याचं घर. जमीन कारखान्यांत गेली आणि सासूबाई एका टायर कंपनीत तयार टायर तपासायच्या कामाला लागल्या. बावीस वर्षं समोरून सरकत येणाऱ्या टायरवर हात फिरवून त्यांनी फुगे, चिरा, गाठी शोधल्या. नोकरी संपल्यावर नवऱ्याला बरोबर घेऊन हे दुकान टाकलं. गाडीला कंपनीच्या चाकांऐवजी मोठी, रुंद, देखणी चाकं हवी असली की लोक त्यांच्याकडे यायचे. कुठल्या गाडीला कुठल्या मापाचं चाक आणि त्यावर कुठल्या मापाचा टायर, हे सांगणारं त्यांच्याइतकं खात्रीचं माणूस पिंपरी-चिंचवडात दुसरं नव्हतं. त्यांचा नियम एकच होता. “आत एक बोट, भाईर दोन. तेवढी फट न्हाई तर चाक न्हाई.”

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी गाडी नवी होती, म्हणजे मला नवी. माणच्या एका आयटीवाल्याकडून घेतलेली, दोन दारांची, दोनच माणसांची, बुटकी राखाडी स्पोर्ट्स कार. कंपनीची चाकं सतरा इंची होती आणि मला ती त्या देखण्या अंगाला अपुरी वाटत होती. मला एकोणीस इंची हवी होती. मी चाकणच्या कारखान्यात डिझाइनला होतो. सगळी आकडेमोड करून कागद छापून नेला होता.

“येकोणीस कशापायी?” आत हात घातलेलाच ठेवून त्यांनी विचारलं.

“दिसायला बरी दिसतात, मावशी.”

“कुणाला? तू तर आत बसणार.”

मी कागद पुढे केला. रिम मोठी घेतली, पण टायरचं रबर तेवढंच बारीक घेतलं तर चाकाचा एकूण व्यास बदलत नाही. दोन मिलिमीटरचाही फरक पडत नाही, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतलाही नाही.

“व्यास जुळतोय. रस्ता जुळत न्हाई,” त्या म्हणाल्या. “कंपनीनं रिमच्या भवती पाच बोटं रबर दिलंय. तू त्यातलं दीड बोट कापून टाकतोयस. खड्ड्यात रबर मार खातं म्हणून रिम वाचती. कुठल्या कालिजात शिकलास?”

“ताथवड्याला.”

“त्या मास्तरान्ला जाऊन सांग, पोरगं परत घ्या म्हणावं. कच्चं हाय.”

रविवारची सकाळ होती, दहा-बारा जण होते, सगळे हसले. मी तसाच निघालो आणि दुसऱ्या एका दुकानात जाऊन एकोणीस इंची बसवून घेतली.

हसणं हा त्या शेडचा धर्मच होता. एकदा एक जण मडगार्डच्या बाहेर दोन-दोन इंच आलेली चाकं लावून आला. चाक आणि ते ज्यावर आवळतात तो हब यांच्यामध्ये चकत्या घालून ती बाहेर ढकललेली होती. गाडीत त्याची आई होती. सासूबाई त्याच्याशी बोलल्याच नाहीत. खिडकीशी जाऊन आईला म्हणाल्या, “लेकाचं लगीन ठरलंय का, बाई? ठरलं असंल तर त्या पोरीच्या बापाला आत्ताच कळवा. त्यान्ला दुसरं स्थळ बगायला येळ मिळंल.” ती माऊली तिथेच पदर डोळ्याला लावून बसली. पोरानं चाकं त्याच दिवशी काढली. सासूबाईंना त्यात काही गैर वाटलं नाही. “रडली म्हून काडली,” त्या म्हणाल्या. “ग्वाड बोलून कुणी काडली असती?”

आणि शेडमध्ये ती भिंत होती. त्यांचं न ऐकता दुसरीकडे चाकं बसवून जे तोंडावर पडले, त्यांच्या फुटक्या रिम मागून घेऊन सासूबाई भिंतीवर टांगत आणि खाली पिवळ्या ऑइलपेंटनं मालकाचं नाव लिहीत. पूर्ण नाव, आडनावासकट. येणारा प्रत्येक माणूस ती नावं वाचायचा.

माझी रिम अठराव्या दिवशी फुटली, कुरुळीच्या अलीकडच्या एका साध्या खड्ड्यात. टायर बदलायला सासूबाईंकडेच जावं लागलं, कारण बाकी कुणाच्या शब्दावर माझा आता विश्वास उरला नव्हता. त्यांनी चिरलेली रिम बघितली आणि रंगाचा डबा उघडून नाव लिहायला घेतलं. पुढच्या रविवारी मी वडिलांना बरोबर घेऊन गेलो होतो. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेले, संत तुकाराम नगरात ज्यांच्याकडे लोक पोरांच्या नोकरीचा सल्ला विचारायला येतात असे गृहस्थ. ते त्या भिंतीपुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि आमचं आडनाव वाचत राहिले. मागे कुणीतरी खिदळलं. परत येताना ते एवढंच म्हणाले, “आडनाव तरी लिहायला नको होतं.”

तरीही मी जात राहिलो. सासूबाईंनी माझ्या गाडीला अठरा इंची चाकं निवडली आणि त्यावर जरा कमी रबराचा, पण कंपनीच्याच रुंदीचा टायर चढवला. चाकं चढल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “जा. आता दिसंल बी अन् चालंल बी.” डिग्री मिळाली तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता. पुढची चार वर्षं बहुतेक रविवार मी त्या शेडमध्ये काढले. टायरवरचे आकडे कसे वाचायचे, रुंद टायर वळणावर का पकडतो आणि साचलेल्या पाण्यावर का सुटतो, चाक चार मिलिमीटर आत सरकलं तर आत काय बिघडतं, हे मी तिथे शिकलो, कॉलेजात नव्हे.

सगळ्यांत जास्त बोलणी खायचे ते त्यांचे यजमान. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. गावाकडची बाई नवऱ्याला अरे-तुरे करत नाही. सासूबाई करायच्या, तेही दुकानभर ऐकू जाईल असं. मामा टायर चढवायच्या मशिनवर असत. सासूबाईंनी चाक तपासून ‘जातंय’ म्हटलं की नट आवळायला मामा बसत, आणि फार वेळ बसत. चाकाआड वाकून काय करत कुणास ठाऊक. मधूनच म्हणत, “ह्याचा नट काय घावंना.” की सासूबाई सुरू होत. “नट घावंना. तुला जल्मात कवा घावलाय? उठ तिथनं, गोगलगाय. दुसरं चाक आण.” मामा मुकाट्यानं दुसरं चाक आणत. आम्ही हसायचो. मी मोठ्यानं हसायचो, कारण तोवर मी तिथला जुना झालो होतो.

पाचव्या वर्षी मला वजनाला हलकी चाकं मिळाली, अठरा इंचीच, पण जरा रुंद आणि थोडी आत बसणारी. सासूबाईंनी टायर चढवला, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावलं आणि हात आत घातला. “जातंय,” म्हणाल्या. मामा त्या दिवशी जुन्नरकडे भाचीच्या लग्नाला गेले होते, म्हणून नट दुसऱ्या कामगारानं आवळले, चटचट. नंतर पंधरा दिवस डावीकडच्या वळणाला मला सूं असा बारीक आवाज यायचा. इंजिनीअर माणसानं खाली उतरून बघायला हवं होतं. पण सासूबाई ‘जातंय’ म्हणाल्या होत्या, आणि मी माझ्या कानांपेक्षा त्यांच्या बोटांवर जास्त विश्वास ठेवला.

चाकणला एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला मी वडिलांना घेऊन निघालो होतो. भर दुपारी, मोशी ओलांडल्यावर, पुढचा डावा टायर फुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावर गेली. मला खरचटलं. वडिलांच्या गळ्याजवळचं हाड सीटबेल्टच्या पट्ट्यानं मोडलं. त्यांनी नवा पांढरा सदरा घातला होता आणि ते सारखं “मला काही झालं नाही” म्हणत होते, पण उजव्या हातानं डावा हात धरून बसले होते. टायर काढून बघितला तर आतल्या बाजूनं गोल सोलला गेला होता, उसाचं कांडं सोलावं तसा. शॉकअपला घासून घासून.

रविवारी मी तो टायर घेऊन शेडमध्ये गेलो. मुद्दाम रविवारी, मुद्दाम सगळे असताना. टायर त्यांच्या पायापुढे टाकला. त्यांनी तो आडवा केला, सोललेल्या वर्तुळावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला, मग डोळ्यांजवळ नेला.

“कुणाला लागलं?”

“वडलांना. हाड मोडलं.”

त्यांनी टायर हळूच खाली ठेवला. मी तिथेच थांबायला हवं होतं.

“नाव लिहा, मावशी,” मी म्हणालो. “भिंतीवर.”

“कुणाचं?”

“चूक ज्याची, त्याचं. नियम तुमचाच आहे.”

कुणीतरी हसलं, मग बाकीचे हसले, आणि मीही हसलो. मामा मशिनवर होते. त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला, त्यामुळे ते हसणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. सासूबाईंनी डबा आणला. ब्रश त्यांच्या हातातून एकदा सुटला. तो उचलून त्यांनी टायर भिंतीशी टेकवला आणि त्याच्या वर भिंतीवर लिहायला सुरुवात केली. अक्षरं मोठी आणि वाकडी येत होती. ‘सुमन किसन’ एवढ्यातच जागा संपली, आडनाव मावलं नाही. इतकी वर्षं आम्हाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं.

बुधवारी शटर खाली होतं, आणि ते खालीच राहिलं.

दोन महिन्यांनी तिकडून जाताना शटर अर्धं वर दिसलं म्हणून थांबलो. आत मामा एकटेच होते, टायर चढवायचं मशिन कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणून पुसत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. वडिलांचं विचारलं. मग हातातलं फडकं ठेवलं आणि जमिनीकडे बघत बोलू लागले.

“तिच्या बोटान्ला कळत न्हाई. साखर हाय. आदी मुंग्या यायच्या, मंग कळायचंच बंद झालं. दोन वर्सं झाली.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“तिला सोताला पटत नव्हतं. म्या मागनं बगायचो.” त्यांनी खिशातून बोटाच्या जाडीची एक लाकडी पट्टी काढून दाखवली, घासून गुळगुळीत झालेली. “नट आवळताना घालून बगायचो. न्हाई गेली तर म्हनायचो, नट घावंना. मंग ती शिव्या देऊन दुसरं चाक लावायला सांगायची. तुमच्या गाडीला म्या नव्हतो.”

मामा पट्टी पुन्हा खिशात ठेवत म्हणाले, “तिला ह्यातलं म्हायती न्हाई. तिला वाटतंय ती येकच गाडी चुकली. तेवढ्यावर जगती ती. तुमी बोलू नका.”

मी नाही बोलणार म्हणालो. आणि माफी मागायला म्हणून पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गावी गेलो.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, हात पदराखाली घेऊन. एवढ्या थोड्या दिवसांत त्या खूप उतरल्या होत्या. पण जीभ तशीच होती.

“बापाचं हाड जुळलं का?”

“जुळलं.”

“मंग आता काय काडायला आलास?”

“मी त्या दिवशी चुकलो, मावशी. तसं बोलायला नको होतं.”

“तू बराबर बोललास,” त्या म्हणाल्या. “चूक माजी व्हती. नाव लिवलं, मिटलं. नाव लिवायला लावलंस त्याचं न्हाई काई. हसलास, तेवढं नको व्हतं.”

मामा चहा घेऊन आले. मी मान खाली घातली होती. ती तशीच राहिली असती तर बरं झालं असतं. बशीत थोडा चहा सांडला.

“बग ह्यो,” सासूबाई मला म्हणाल्या. “च्या देता येत न्हाई धड. जल्मभर माज्या मागं नट आवळत बसला, अन् ते बी घावायचे न्हाईत ह्याला. हात माजे, नजर माजी. बावीस वर्सं कंपनीत अन् मंग दुकानात, चुकली ती तुजी येक गाडी. ह्या गोगलगायीच्या भरवशावर ऱ्हायले असते तर रोजचा येक मुडदा पडला असता.”

मामा फडक्यानं बशी पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांची दया आली असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. न्याय करावासा वाटला, असंही सांगितलं. खरं म्हणजे त्या बाईचा तो ताठा मला सहन झाला नाही. आमचं आडनाव वाचत उभे असलेले वडील मला अजून दिसत होते.

“दोन वर्षं मामाच तपासत होते, मावशी,” मी म्हणालो. “तुमच्या मागून. प्रत्येक गाडी. नट सापडत नाही म्हणायचे तेव्हा तुमचं चाक चुकलेलं असायचं.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी कधीच कुणाकडे बघितलं नव्हतं.

सासूबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. मग नवऱ्याला विचारलं, “किती?”

“मोजलं न्हाई.”

“किती वं?”

“असतील धा-बारा.”

त्यांनी मान हलवली, गिऱ्हाइकानं माप सांगितल्यावर हलवायच्या तशी. आम्हाला त्या शिव्या देतील याची मी वाट बघत होतो. मला नाही तर मामांना तरी देतील. त्या खाटेवरून उठल्या, मामांच्या हातातली बशी काढून घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुमी बसा. उभं ऱ्हाऊन पाय दुकत्याल. च्या म्या करते दुसरा.”

मामा खाटेच्या कडेवर बसले. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. एक पातेलं पडलं, पुन्हा उचललं गेलं. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या बोटांवर भाजल्याचा लाल पट्टा होता. त्यांना तो कळलेला नव्हता. आम्हा दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. चहा घेतला आणि मी निघालो.

मामा गाडीपर्यंत आले. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“पस्तीस वर्सं झाली लग्नाला,” ते म्हणाले. “आज पयल्यांदा मला ‘तुमी’ म्हनली. शिव्या दिल्या असत्या तर घर ऱ्हायलं असतं. आता दोगं बी पावनंच झालो तिथं.”

ते वळले आणि घराकडे गेले. दारात थांबून, आत जाण्याआधी, त्यांनी कडी वाजवली.